राखाडी की पट्टेवाली

पाकोळीला खालून ओळखता येत नाही. खालून दिसतं ते पोट, आणि पोटं सगळ्यांची सारखीच, काळपट, धुरकटलेली. ओळख असते पाठीवर.

आमच्या ला एस्पिनाच्या खोऱ्यात पाकोळ्या दोन. राखाडीच्या पाठीवर कमरेपासून शेपटीपर्यंत राख सांडलेली असते. चुलीतली राख फुंकरीने पसरावी तशी, कडा नसलेली. पट्टेवालीच्या काळ्या पाठीवर एकच पांढुरका पट्टा. कुणी बोटाने चुना ओढावा तसा, दोन्हीकडे स्वच्छ तुटलेला. दोघी जंगलातल्या पोकळ झाडांत राहतात, फांदीवर कधी बसत नाहीत, वाऱ्यासारख्या जातात. डोळ्याची पापणी लवते तेवढ्यात पाठ बघायची, आणि ती बघायला पाखराच्या वर उभं राहायचं.

त्रिनिदादच्या या उत्तरेकडच्या डोंगरांत सगळेच कोकोवाले. दरीत पांगारे, पांगाऱ्यांच्या सावलीत कोको. पांगाऱ्याला आम्ही कोकोची आईच म्हणतो. आणि दाणे वाळवायची घरं वर, कड्याच्या टोकाला, जिथे ऊन आधी येतं आणि उशिरा जातं. लाकडी मजल्यावर दाणे पसरायचे. वर रुळांवर सरकणारं पत्र्याचं छप्पर. ऊन असलं की उघडं, पाऊस आला की दोर ओढून बंद. ढग मात्र डोंगराच्या पाठीमागून येतो; तो दिसेपर्यंत दाणे भिजलेले असतात. आधी दिसतात त्या पाकोळ्या. राखाडी दरीत खाली उतरली की पाव तासात पाऊस. पट्टेवाली उतरते ती उडत्या वाळवीमागे, पावसाशी तिचं देणंघेणं नाही. राखाडीला पट्टेवाली समजलात तर कोको बुरसला. पट्टेवालीला राखाडी समजून छप्पर ओढलंत तर उन्हाचा दिवस गेला, दाणा आतल्या आत घामेजला. म्हणून प्रत्येक कोको-घराला छपराचा एक राखणदार.

मोठ्या मळ्यावरचे राखणदार माझे बाबा, तिबुर्सियो मार्कानो. मुकादम होता गास्पार ओस्पेदालेस. तो माझा पाद्रिनो, माझा धर्मबाप, आणि म्हणून बाबांचा कोंपाद्रे. बाप्तिस्म्याच्या दिवशी त्याने मला हातांवर घेतलं होतं. भेटला की हात जोडायचे, "आशीर्वाद, पाद्रिनो," म्हणायचं, आणि त्याने "देव तुझं भलं करो," म्हणायचं. न मागता पुढे गेलं तर तो बापाच्या तोंडावर थुंकण्याइतका अपमान.

मी आठ वर्षांची होते. बाबांचं जेवण घेऊन मजल्यावर गेले होते. बाबा कठड्याशी उभे, हात दोरावर. खाली अंगणात गास्पार. दरीतून आठ-दहा पाकोळ्या वर आल्या, वळल्या, पुन्हा खाली गेल्या.

"राखाडी!" बाबा ओरडले. "कोंपाद्रे, छप्पर ओढतोय!"

"हात काढ दोरावरचा," गास्पार खालून म्हणाला. त्याने मालकाला शब्द दिला होता, शनिवारी माल बंदरावर पोचेल. "पट्टेवाल्या आहेत त्या. मला दिसतायत."

"तुला पोटं दिसतायत, गास्पार."

"मुकादम कोण, तू का मी?"

तो वर आला आणि बाबांच्या हातातून दोर काढून स्वतःच्या हाती घेतला. पाव तासाने पाऊस आला. पाऊस कसला, आभाळच उलटलं. अख्ख्या मळ्याचा कोको त्या मजल्यावर होता.

संध्याकाळी मालक आला. गास्पार हॅट छातीशी धरून म्हणाला, "मी काय बोलू, साहेब? तिबुर्सियो म्हणाला पट्टेवाली. मी विश्वास ठेवला." मालकाने माझ्याकडे बघितलं. "ही पोर होती ना तिथं? काय गं, काय म्हणाला तुझा बाप?" गास्पारचा हात माझ्या खांद्यावर आला. त्याने दाबला नाही, चिमटा काढला नाही. नुसता ठेवला. जड, उबदार, धर्मबापाचा हात.

मी बोलले नाही.

बाबांचं काम त्या दिवशी सुटलं. पण काम सुटलेला माणूस दुसरं शोधतो, तेवढ्याने कुणी मरत नाही. पुढे नाताळ आला. नाताळपासून तीन राजांच्या सणापर्यंत आमच्याकडे परांगवाले दारोदार गात फिरतात, आणि गास्पारसारखा गळा खोऱ्यात दुसरा नव्हता. त्याने कडवं बांधलं:

*छपरावरचा तिबुर्सियो, डोळ्यांत भरली राख,*
*राखाडी आली, पट्टा म्हणतो, अक्कल झाली खाक.*
*पाऊस आला नाचत नाचत, दाणा पडला काळा,*
*असल्या राखणदारापरीस बुजगावणं पाळा!*

चाल अशी की ऐकणाऱ्याचा पाय आपोआप हलावा. पहिल्या वर्षी ते तीन घरी गायलं गेलं, दुसऱ्या वर्षी तीस. मग बाया कोको नाचवताना गाऊ लागल्या. वाळत आलेल्या दाण्यांवर पाणी शिंपडून अनवाणी नाचतात, दाण्याला चकाकी येते. त्या नाचाला हे कडवं फार बसायचं. चर्चच्या पायरीवर मुलं बाबांना बघून हात पसरून बुजगावण्यासारखी उभी राहायची.

बाबा दर रविवारी मला कड्यावर घेऊन जायचे. पोटावर पालथं पडायचं, मान कड्याबाहेर काढायची. खालून पाखरू गेलं की बाबा बोटाने माझ्या पाठीवर टिचकी मारायचे.

"बोल."

"राखाडी."

"बोल."

"पट्टेवाली. नाही, राखाडी."

"एकदाच बोलायचं, तासिया. बघून बोलायचं, आणि बोललं की ठाम राहायचं."

हजार वेळा, दोन हजार वेळा. एवढ्या रविवारांत त्यांनी एकदाही विचारलं नाही की त्या संध्याकाळी तू का बोलली नाहीस. विचारलं असतं तर मी रडले असते, पायांवर पडले असते, सुटले असते. त्यांनी विचारलं नाही म्हणून ते माझ्यात राहिलं, आंब्याच्या कोयीसारखं, गिळताही येईना, थुंकताही येईना.

ते गेले तेव्हा डिसेंबरच होता. आजारी माणसाचं घर म्हणून परांगवाले आमच्या दाराशी आले नाहीत. शेजारच्या दाराशी थांबले. क्वात्रोच्या चार तारा वाजल्या आणि तेच कडवं सुरू झालं. बाबांनी भिंतीकडे तोंड केलं. मी खिडकी लावायला उठले तर म्हणाले, "राहू दे. चाल चांगली आहे." त्यानंतर ते माझ्याशी बोलले ते फक्त पाणी मागायला.

मी त्यांच्या उशाशी शपथ घेतली. गास्पारच्या घरचा घास खाणार नाही, आणि हे कडवं त्याच्याच घशात उलटं घालीन.

त्यालाही पंधरा वर्षं झाली. पावसाच्या त्या दिवसाला चोवीस. गास्पार म्हातारा झाला. मळा सोडून त्याने वरच्या खिंडीत स्वतःचा कोको लावला, स्वतःचं कोको-घर बांधलं. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. ओळख सांगणारे जुने राखणदार एकेक करून गेले. आणि या डिसेंबरात तो काठी टेकत माझ्या दाराशी आला.

"आशीर्वाद, पाद्रिनो," मी म्हणाले. हात जोडले. चोवीस वर्षं जोडत आलेच होते.

"देव तुझं भलं करो, पोरी." तो ओट्यावर बसला. मी त्याला कोकोचा चहा दिला, जायफळ घालून, त्याला आवडतो तसा. "बंदरावर परीक्षा आहे. सगळ्या बेटावरचे दाणे येणार. माझा माल उद्या ट्रकने जायचाय. आजचं एक ऊन पुरे. पण डोळे... तुला तुझ्या बापाची विद्या आहे. आजच्या दिवस छपरावर उभी राहशील?"

"बाबांची विद्या?" मी म्हणाले. "त्यांना तर पाखरू ओळखता येत नव्हतं ना, पाद्रिनो? तुम्हीच गायलात."

चहाचा कप त्याच्या ओठांशी थांबला. "जुनी गोष्ट आहे. परांगमध्ये माणूस काहीबाही गातो."

"हो ना. गाणंच ते," मी हसले. "येते मी."

वाटेत क्वात्रोवाला देमेत्रियो भेटला. बाबांचा दोस्त, दात तीन, जीभ मात्र शाबूत. तोही तिकडेच निघाला होता, नाचणाऱ्या बायांना ताल द्यायला. मी कुठे निघाले ऐकून तो वाटेतच थांबला.

"चोराच्या हाती किल्ल्या म्हणतात त्या ह्याच का गं? तू त्याचा कोको राखणार?"

"मी खरं सांगणार, देमेत्रियोकाका."

"खरं?"

"जे दिसेल ते. मोठ्याने. तुम्ही फक्त कान उघडे ठेवा."

"तुझ्या बापाचे डोळे आहेत तुला," तो म्हणाला, "पण हे हसू कुणाचं घेतलंस, ते काही मला ओळखू येईना."

दुपारपर्यंत ऊन सोन्यासारखं होतं. मजल्याच्या एका कोपऱ्यात चार बाया कोको नाचवत होत्या, देमेत्रियो वाजवत होता, कडवंही तेच. मी आले तशी एकीने दुसरीला कोपर मारलं आणि गाणं थांबलं. "गा की," मी म्हणाले. "चाल चांगली आहे." मग मात्र त्यांनी दुसरंच धरलं.

मी कठड्याशी उभी राहिले. दोर हातात घेतला. खाली अंगणात गास्पार खुर्चीवर, शेजारी त्याची बायको क्रिसान्ता. दरी माझ्या पायाखाली उघडी, पांगाऱ्यांना लाल फुलं आलेली, आणि त्या लालीवरून दोनच्या सुमारास एक काळी रेघ गेली. मग दुसरी. मग पंधरा-वीस.

माझ्या पाठीवर टिचकी वाजल्यासारखी झाली. *बोल.*

पाठ बघितली. राख. कडा नसलेली, शेपटीपर्यंत सांडलेली राख.

"राखाडी!" मी ओरडले. नाचणाऱ्या बाया थांबल्या. देमेत्रियोने तारांवर तळवा ठेवला. "पाद्रिनो, राखाडी आहेत! छप्पर ओढायला हवं!"

गास्पारने मान वर केली. "नक्की?"

इथे मी काय केलं ते मला लपवायचं नाही. मी घाबऱ्या आवाजात ओरडू शकले असते. न विचारता दोर ओढू शकले असते. दोन झटक्यांत छप्पर मिटलं असतं. तसं नाही केलं. मी कठड्यावरून वाकले आणि गोड हसले. मधात बोट बुडवून बाळाच्या ओठांना लावावं तशा आवाजात म्हणाले, "अगदी नक्की, पाद्रिनो. माझ्या बाबांची शपथ."

त्याला मोतीबिंदूतून माझं हसू दिसलं नसेल. ऐकू मात्र आलं. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते. तो पाखरांचा विचार करतच नव्हता. तो हिशेब करत होता तो चोवीस वर्षांपूर्वीच्या संध्याकाळचा, खांद्यावर ठेवलेल्या हाताचा. ही पोर आज माझं ऊन चोरणार. छप्पर मिटवणार, दाणा घामेजवणार, ट्रक रिकामा पाठवणार. मी तिच्या जागी असतो तर हेच केलं असतं.

तो उठला. काठी टेकत जिना चढून वर आला. कठड्यापाशी आला तेव्हा त्याला धाप लागली होती.

"मला फसवतेस?" हळूच, माझ्या कानाशी. "पट्टेवाल्या आहेत त्या."

"तुम्हाला दिसतायत, पाद्रिनो?"

"मला दिसायची गरज नाही."

"राखाडी आहेत," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं पुन्हा म्हणाले. "पण माल तुमचा, घर तुमचं. हा घ्या दोर."

मी दोर त्याच्या हातात ठेवला आणि त्याची बोटं त्यावर मिटवली.

"पट्टेवाली!" तो खाली बायकोला ओरडला, नाचणाऱ्या बायांना ओरडला, साऱ्या खिंडीला ओरडला. "उघडंच राहू दे!"

खालून क्रिसान्ता म्हणाली, "अहो, ती म्हणतेय तर ऐका की."

"मुकादम कोण?" तो म्हणाला. कुठल्या मळ्याचा मुकादम, कोण जाणे.

वारा पडला. पांगाऱ्याचं एक फूल दाण्यांवर येऊन पडलं. मग पहिला थेंब, दाण्यावर, टप्. गास्पारने तो ऐकला. त्याने दोर ओढला, पण गंजलेली चाकं म्हाताऱ्या हातांना हलेनात. मी मदत केली नाही. देमेत्रियो आणि बाया धावल्या, तोवर सगळं झालं होतं. दाणे पाण्यावर तरंगत फळ्यांच्या फटींतून खाली गळायला लागले. गास्पार दोर धरून भिजत उभा. आणि मीही भिजत उभी, आठ वर्षांची आणि बत्तीस वर्षांची, दोघीही.

तीन राजांचा सण म्हणजे परांगचा शेवटचा दिवस. तीन राजांतल्या एकाचं नाव गास्पार, म्हणून तो त्याच्या नावाचा दिवस. सगळ्या टोळ्या गात गात शेवटी त्याच्याच दाराशी यायच्या. दार बंद ठेवून आत थांबायचं, बाहेरच्यांनी कडवं म्हणायचं, मग दार उघडायचं आणि घरच्याने त्याच चालीत उत्तर द्यायचं. उत्तर न देणारा घरमालक आजवर खोऱ्यात झाला नव्हता.

भर दुपारी टोळी निघाली. मी जाऊन देमेत्रियोच्या शेजारी उभी राहिले. चोवीस वर्षांत मी परांगला गेले नव्हते.

"तू गाणार?" तो म्हणाला.

"एकच कडवं."

"चाल?"

"त्याचीच."

त्याने तीन दात दाखवले आणि तारा पिळल्या.

गास्पारच्या बंद दाराशी साठ-सत्तर माणसं होती. त्या पावसाची गोष्ट सगळ्या खोऱ्याला ठाऊक झाली होती. नाचणाऱ्या चारजणींनी ती घरोघर पोचवली होती. क्वात्रो वाजला. ती चाल ऐकून कुणीतरी सवयीने "छपरावरचा..." म्हणून सुरुवात केली आणि चार कोपरं एकदम त्याच्या बरगडीत बसली. मी पुढे झाले.

*वर उभा त्याला पाठ दिसे, खाली उभा त्याला पोट,*
*सांगा राजे, सांगा गास्पार, कुणाच्या बोलण्यात खोट?*
*दोनदा आली राखाडी दारी, दोनदा भिजला दाणा,*
*दोर होता कुणाच्या हाती? नाव घेऊन म्हणा!*

माझा गळा गास्पारचा नाही. शेवटच्या ओळीला तो फाटला. पण शब्द पोचले. चॅक-चॅकचे खुळखुळे वाजवणाऱ्याने हात थांबवले नाहीत. देमेत्रियो तेवढाच तुकडा फिरवत राहिला, पुन्हा आणि पुन्हा, उत्तरासाठी जागा ठेवून.

दार उघडायला वेळ लागला. उघडलं तेव्हा गास्पार सणाच्या पांढऱ्या सदऱ्यात उभा होता. मागे क्रिसान्ता, हातात केळीच्या पानांत बांधलेल्या गरम पास्तेलांचं ताट. त्याने गर्दीवरून नजर फिरवली. त्याला चेहरे दिसत नव्हते, पण गप्प बसलेले सत्तरजण आंधळ्यालाही दिसतात. त्याने तोंड उघडलं आणि गाऊ लागला. गळा अजून होता त्याच्याकडे, काठावर चिरलेला, तरी होता.

*तिबुर्सियो म्हणाला राखाडी, पट्टा म्हणालो मी,*
*दोर होता माझ्या हाती...*

तिथे तो थांबला. देमेत्रियोने तुकडा फिरवला. "दोर होता माझ्या हाती," पुन्हा गास्पार. पुढची ओळ येईना. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांची कडवी पुरी करून दिली त्याला स्वतःचं कडवं पुरं होईना. एरवी असा कुणी अडला की टोळीतलं कुणीतरी ओळ पुरवतं. तीच रीत आहे. सगळे माझ्याकडे बघत होते. माझ्याकडे ओळ होती. मी दिली नाही.

क्वात्रो आपोआप मंद होत थांबला.

"या, आत या," क्रिसान्ता घाईने म्हणाली, आणि पहिलं पास्तेल माझ्यापुढे केलं. पान सोडलेलं, मक्याचा वास, वाफ. मी सकाळपासून उपाशी होते.

"बाबांच्या वाटचं म्हणून ठेवा," मी म्हणाले. "मी इथलं खात नाही."

आणि वळले. हात जोडले नाहीत. आशीर्वाद मागितला नाही. मागून गास्पारचा आवाज, घाईघाईचा, "देव तुझं भलं करो, तासिया." मी मागितला नव्हता. तो तिथेच पडला असेल, उंबऱ्याशी.

माझी वाट त्याच्या घरामागून वर कड्यावर जाते. अर्ध्या वाटेवर पोचले तेव्हा दरीतून पाकोळ्या वर आल्या. मी थांबले. माझ्या पायांखालून गेल्या, पाठी उन्हात चमकवत.

खाली अंगणात माणसं माना वर करून उभी होती. एवढ्या दिवसांत जे थोडे दाणे नव्याने आंबवून झाले होते ते कोको-घराच्या मजल्यावर पसरलेले, छप्पर उघडं. क्रिसान्ताने तोंडाशी हात धरले.

"तासिया! कोणत्या गं?"

गास्पार कोको-घराच्या कठड्याशी उभा होता, दोर हातात, पांढरे डोळे माझ्या दिशेने वर लागलेले. वरून माणसांचेही माथे आणि पाठीच दिसतात. पाठ वाकली होती त्याची.

मी गप्प राहिले. आठ वर्षांच्या पोरीइतकीच गप्प. त्याने खांद्यावर हात ठेवला होता तेवढा वेळ. त्याचा चेहरा हलला नाही. तो वाट बघत राहिला. मग म्हटलं, बाबांनी शिकवलंय, बघितलं की बोलायचं.

"राखाडी!"

शब्द दरीत पुरता उतरायच्या आत खाली चाकं किंचाळली. कुणी "नक्की?" म्हणून विचारलं नाही. छप्पर सरकत गेलं, सरकत गेलं आणि मिटलं. मी तिथेच उभी राहिले, पाऊस येईपर्यंत.